घटस्फोटानंतर योजनेचे पैसे तुमच्याच खात्यात यावेत म्हणून काय करावे?

न्यायालयाने घटस्फोट मंजूर केला तरी त्याची नोंद बँकेत, रेशन कार्यालयात किंवा आधारमध्ये आपोआप होत नाही. प्रत्येक ठिकाणी तुम्हालाच अर्ज करावा लागतो. तोपर्यंत योजनेची रक्कम जुन्या संयुक्त खात्यात आणि ओटीपी पूर्वीच्या पतीच्या मोबाइलवर जात राहू शकतो. म्हणून कामे पुढील क्रमाने करा.

१. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत घ्या
निकाल देणाऱ्या न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करा. दोन-तीन प्रती घेऊन ठेवा. कार्यालयात प्रमाणित प्रत दाखवा, जमा करताना शक्यतो झेरॉक्स द्या.

२. आधारला स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडा
आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन हा बदल करता येतो. त्यासाठी कागदपत्र लागत नाही. घटस्फोटानंतर नाव बदलण्याची सक्ती नाही. आधारवरील नाव फक्त दोनदा बदलता येते, त्यामुळे विचार करून ठरवा.

३. स्वतंत्र बँक खाते उघडा
संयुक्त खात्यातून एकाचे नाव काढायला दोघांची संमती लागते. त्यात अडकू नका. शून्य शिलकीचे नवे खाते उघडा आणि तेथेच आधार जोडण्याचा अर्ज द्या. थेट लाभाची रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जमा होते. कोणते खाते जोडलेले आहे, हे *९९*९९*१# डायल करून पाहता येते.

४. रेशन कार्ड वेगळे करा
एकच नाव दोन कार्डांवर राहत नाही. आधी जुन्या कार्डावरून तुमचे आणि तुमच्याकडे राहणाऱ्या मुलांचे नाव कमी करून तसा दाखला घ्या, मग नव्या कार्डासाठी अर्ज करा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार घरातील १८ वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्री कुटुंबप्रमुख मानली जाते. म्हणजे नवे कार्ड तुमच्या नावावर निघू शकते.

५. नॉमिनी बदला
बँक खाते, विमा आणि जीवन ज्योती विमा योजना, सर्व ठिकाणी नॉमिनीचे नाव तपासा. घटस्फोटामुळे ते आपोआप रद्द होईल असे गृहीत धरू नका.

निवृत्तिवेतन मिळते का?
केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय विधवा निवृत्तिवेतन योजना फक्त विधवांसाठी आहे. घटस्फोटित महिलांसाठी काही राज्यांच्या स्वतःच्या योजना आहेत. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेत पात्र घटस्फोटित महिलांना अर्ज करता येतो. चौकशी तहसील कार्यालयात करा.

पोटगी मिळत नसेल तर?
पुनर्विवाह न केलेली, स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारी घटस्फोटित पत्नी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पोटगी मागू शकते. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. महिलांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.