बिळात राहणारा कोळी

कोळी म्हटला की जाळे आठवते. परंतु टॅरंटुला नावाच्या मोठ्या, केसाळ कोळ्यांच्या कित्येक जाती जमिनीत बीळ करून राहतात. असा कोळी पाळावयाचा तर पेटीत माती खोल हवी. वर मोकळी जागा थोडीच. उंच पेटी दिसावयास सुरेख खरी, पण तिच्या भिंतीवरून पडल्यास त्याचे नाजूक पोट फुटून तो मरू शकतो.

मातीही पारखून घ्यावी. निव्वळ वाळूत बीळ ढासळते. यवतमाळ जिल्ह्यात कपाशी पिकते ती काळी माती चिकट, परंतु वाळताच तिला भेगा पडतात. म्हणून तीत वाळू मिसळून ओलसर असतानाच दाबून भरावी. बिळाला कोळी रेशमी धाग्यांचे अस्तर लावतो. त्याची दृष्टी अधू. तरी रात्री तो बिळाच्या तोंडाशी बसला असता जवळून जाणाऱ्या किड्याची चाहूल जमिनीच्या कंपाने त्याच्या पायांना लागते.