नकाशा लंडनचा, मूर्ती मुकुंद रामचंद्रांच्या

राजाबाई टॉवर कोणाचा, असे विचारले की जाणकार चटकन सांगतात, सर गिल्बर्ट स्कॉट यांचा. हे खरे आहे आणि अपुरेही. स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत. मुंबई विद्यापीठाचे फोर्टमधले दीक्षान्त सभागृह आणि मनोऱ्यासह ग्रंथालय, दोन्ही इमारती त्यांनी विलायतेत बसून कागदावर उतरवल्या. मग इथल्या जमिनीवर त्या कोणी उभ्या केल्या? या प्रश्नापायी माझ्या बऱ्याच सुट्ट्या पुराभिलेखागारात गेल्या. (घरच्यांच्या मते दिवाळ्याही.)

विद्यापीठ १८५७ सालचे, पण त्याला स्वतःचे छप्पर नव्हते. १८६२ साली रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक हे पहिले चौघे बी.ए. झाले, तेव्हा समारंभांना टाउन हॉलचाच आसरा होता. त्याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी किल्ल्याचा तट पाडायला घेतला आणि मैदानाकडेला इमारतींना जागा मोकळी झाली. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईत कापसाचा पैसा ओसंडत होता. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी सभागृहासाठी एक लाख दिले. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आईच्या, राजाबाईंच्या, नावाने मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, पुढे प्रेमचंदही बुडाले. मनोऱ्याची पायाभरणी झाली ती त्यानंतर, १ मार्च १८६९ रोजी. २८० फुटांचे ते काम पुरे व्हायला नोव्हेंबर १८७८ उजाडला.

अशा इमारतींचे कागद एका जागी नसतात. देणगीचा पत्रव्यवहार शिक्षणाच्या दप्तरात, खर्चाचे अंदाज आणि मंजुऱ्या बांधकाम खात्याच्या दप्तरात. नकाशावर सही करणाऱ्याचे नाव सगळीकडे सापडते. रोज कामावर उभ्या राहणाऱ्याचे शोधावे लागते.

ते नाव रावबहादूर मुकुंद रामचंद्र, असिस्टंट इंजिनिअर. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या चोवीस मूर्ती आहेत. त्यांचे नमुने घडवण्याचे श्रेय जुनी वर्णने त्यांनाच देतात. म्हणजे वेनिसच्या वळणाच्या मनोऱ्यावर पागोटी आणि पगड्या चढल्या, त्या एका मराठी माणसाच्या देखरेखीखाली.

तरी हे नाव माझ्या हातून कितीदा निसटले! त्या काळच्या दप्तरी रिवाजाप्रमाणे स्वतःचे नाव आणि पुढे वडिलांचे नाव, आडनाव नाहीच. इंग्रजी सूचीकार शेवटचा शब्द आडनाव धरतो आणि माणूस वडिलांच्या नावाखाली जाऊन बसतो. त्यात ‘मुकुंद’चे स्पेलिंग एकेका पुस्तकात वेगळे. मी ‘एम’ खाली शोधत राहिलो, ते ‘आर’ खाली निवांत होते. बोरीबंदरच्या स्टेशनावर स्टीव्हन्स यांच्याबरोबर राबलेले सीताराम खंडेराव यांचीही तीच गत. ते वैद्य होते, हे नुसत्या सूचीवरून कळत नाही. नव्या अभ्यासकाला माझे सांगणे एवढेच, की सूचीत वडिलांच्या नावाखालीही एकदा बघा.

मूर्ती घडवणाऱ्या पाथरवटांची नावे कुठल्याच वर्णनात मला भेटली नाहीत. मूर्तीसुद्धा ओव्हलवरून नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत. हल्ली तिकडे जाताना मी पिशवीत दुर्बीण ठेवतो.