बुद्धिबळाचं मासिक लावावं का?



गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत तिघांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. "मुलं चेस खेळायला लागलीयेत, एखादं मासिक लावू का? ओपनिंग सुधारेल?" शेजारच्या हॅरोच्या बोधना शिवानंदनने २०२५ मध्ये वयाच्या दहाव्या वर्षी ग्रँडमास्टरला हरवलं. त्याच वर्षी नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. तेव्हापासून पिनरमधल्या मराठी घरांत माळ्यावरचे पट खाली आले आहेत. रांगेत पुऱ्या गार होत होत्या म्हणून नीट उत्तर देता आलं नाही, ते इथे देतो.

आधी आमची फजिती. आमचं इंजिनिअरिंग सांगलीला झालं, म्हणजे भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या आणि भाग्यश्री साठे-ठिपसे यांच्या गावात. त्यामुळे आपल्याला बुद्धिबळ येतं असा आमचा एक गोड गैरसमज होता. इकडे आल्यावर मेट्रोपॉलिटन लाइनने थेट बेकर स्ट्रीट गाठलं आणि तिथल्या बुद्धिबळाच्या दुकानातून मासिक आणलं. त्यात सिसिलियन नायडॉर्फवर लांबलचक लेख होता. अख्खा हिवाळा ऑफिसला जाता-येता गाडीत आम्ही तो सतराव्या चालीपर्यंत घोकला. मग क्लबच्या सामन्यात काळी मोहरी मिळाली. समोर थर्मास घेऊन बसलेले एक निवृत्त आजोबा. त्यांनी ई४ खेळलं, आम्ही सी५. दुसऱ्या चालीला आजोबांनी सी-प्यादं हळूच एक घर पुढे सरकवलं. झालं! नायडॉर्फ संपली. हिवाळाभराचं पाठांतर खिशात ठेवून आम्ही सव्वीस चालींत हरलो.

आता मासिकांबद्दल. 'ब्रिटिश चेस मॅगझिन' १८८१ मध्ये सुरू झालं, 'चेस' १९३५ मध्ये. १९६६ पासून बेलग्रेडहून 'इन्फॉर्मंट' निघू लागलं. त्यात शब्दच नाहीत, सगळी चिन्हं, म्हणजे इंग्रजी येवो न येवो, कुणीही वाचावं. त्याच लोकांनी ओपनिंगना ए०० ते ई९९ असे पाचशे क्रमांक दिले. मोठ्या खेळाडूंनी कोणती नवी चाल काढली हे तेव्हा या कागदांवरूनच कळायचं, तेही काही महिन्यांनी. आज तोच डाव चालू असतानाच फोनवर दिसतो. तेव्हा बातमीसाठी मासिक लावण्यात अर्थ उरलेला नाही.

मग उरलं काय? तर स्पष्टीकरण. इंजिन '+०.४' सांगून मोकळं होतं, का ते सांगत नाही. आमच्या धंद्यात कॉमेंट नसलेला कोड वाचताना जे होतं, तसंच ते.

आमच्या कन्यारत्नाचं उदाहरण देतो. वय नऊ. क्लबमधली पोरं तिला एकाच सापळ्यात पकडायची. पांढऱ्याचा उंट सी४ वर, घोडा जी५ वर, दोघांचा डोळा एफ७ वर. काळा डी-प्यादं दोन घरं पुढे टाकतो, पांढरा ते खातो. आता हात आपोआप घोड्याने प्यादं परत खायला जातो. मग पांढरा एफ७ वर घोड्याचा बळी देऊन काळ्या राजाला पटाच्या मधोमध ओढतो. या प्रकाराला इंग्रजीत 'फ्राइड लिव्हर' म्हणतात. (आमच्या शाकाहारी घरात हे नाव ऐकून सौ.ने नाक मुरडलं.)

प्यादं न खाता घोडा ए५ वर नेऊन उंटावर हल्ला करावा, हे लेकीने व्हिडिओत पाहून पाठ केलं. पुढच्या शनिवारी तशीच खेळली आणि पुन्हा हरली. कारण या मार्गात एक प्यादं जातं, ते का घालवलं हे तिला माहीत नव्हतं, म्हणून ती घाबरली. घरी येऊन म्हणाली, "बाबा, मी आता क्लबला येणार नाही."

तेव्हा एका जुन्या अंकात याच ओपनिंगचा अख्खा डाव सापडला, टीपांसकट. पट मांडला, पुढच्या चाली पोस्टकार्डाने झाकल्या आणि प्रत्येक चाल आधी तिला ओळखायला लावली. तीन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या संध्याकाळी ती स्वतःच म्हणाली, "प्यादं गेलं तर जाऊ दे ना, त्याचे उंट-घोडा नुसते पळतायत आणि माझी सगळी मोहरी बाहेर आली!" शनिवारी क्लबला गेली. तो डाव बरोबरीत सुटला, पण येताना गाडीत ती गप्प नव्हती.

मासिकातून ओपनिंग शिकायची ती अशी. आपण खेळतो त्या एका-दोन ओपनिंगचे पूर्ण डाव, शेवटापर्यंत, आणि पटावर मांडून. नव्या चालींचे लेख आपल्यासारख्यांनी खुशाल सोडून द्यावेत, समोरचा तिथवर येतच नाही. आणि मूल अजून फुकटात मोहरी गमावत असेल तर मासिकाचे पैसे सध्या वाचवा.

ओपनिंगचा फार बाऊही नको. १९२९ मध्ये पंजाबातून इंग्लंडला आलेला मीर सुलतान खान देशी नियमांनी शिकलेला, ज्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. ओपनिंग हा त्याचा कच्चा भाग. तरी गडी १९२९, १९३२ आणि १९३३ असा तीनदा ब्रिटिश विजेता झाला आणि हेस्टिंग्जला त्याने कापाब्लांकाला हरवलं!

असो. आमच्याकडे जुन्या अंकांचा गठ्ठा आहे, संक्रांतीच्या कार्यक्रमाला घेऊन येतो. हवे त्यांनी न्यावेत. नायडॉर्फचा अंकही त्यात आहे, अगदी कोरा करकरीत नाही, पण सतराव्या चालीपर्यंत पेन्सिलच्या खुणा फुकट मिळतील.