धुरातलं लोखंड, छातीतला न्यूमोनिया

कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या फौंड्रीत लाडल कलते, तापलेला रस साच्यात उतरतो आणि वर तांबूस धूर उठतो. त्यात लोखंडाच्या ऑक्साइडचे मायक्रॉनहून बारीक कण असतात. वेल्डर तर वाकून काम करतो, धूर त्याच्या नाकावरूनच वर जातो. कोल्हापूरच्या ओतकामात सिलिकोसिसचं नाव निदान घेतलं तरी जातं. या धुराशी जोडलेल्या न्यूमोनियाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही, आणि त्याच्या नोंदी काही कालच्या नाहीत.

ब्रिटनच्या व्यवसायवार मृत्युनोंदींत वेल्डरांमधले न्यूमोनियाचे बळी गेल्या शतकाच्या मध्यापासूनच जास्त दिसत होते. 1994 मध्ये डेव्हिड कॉगन आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा हिशेब मांडला. लोबार न्यूमोनियाचे मृत्यू कामाच्या वयात अपेक्षेच्या दुपटीहून अधिक होते, निवृत्तीनंतर मात्र हा फरक राहत नव्हता. मला यातली ही दुसरी गोष्ट फार मोलाची वाटते. दोष विडी-दारूचा असता तर तो नोकरीबरोबर संपला नसता. 2003 च्या वेस्ट मिडलंड्सच्या अभ्यासातही धोका दिसला तो मागच्या वर्षभरात लोखंडाचा धूर घेतलेल्यांना. धूर सुटला की धोका ओसरतो.

लोखंडच का? जंतूंना वाढायला लोह लागतं. 1944 मध्ये शेड आणि कॅरोलाइन यांना दिसलं की अंड्याचा पांढरा बलक जंतूंची वाढ रोखतो. त्यात लोह घातलं की वाढ पुन्हा सुरू. दोन वर्षांत रक्तातही लोह धरून ठेवणारं तसंच प्रथिन सापडलं, ट्रान्सफेरिन. 2000 च्या सुमारास हेप्सिडिन हे संप्रेरक हाती आलं. संसर्ग झाला की यकृत ते सोडतं आणि काही तासांत रक्तातलं लोह घटतं. म्हणजे चोराची चाहूल लागताच शरीर कणगीला कुलूप घालतं. भट्टीपुढच्या माणसाच्या फुप्फुसात मात्र लोह श्वासावाटे येतच राहतं. हे एकच कारण नसावं. लंडनच्या संशोधकांना 2016 मध्ये आढळलं की वेल्डिंगच्या धुराने श्वासमार्गाच्या पेशींवर न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूला चिकटायच्या जागाही वाढतात.

(हे वाचून कुणी रक्तक्षयाच्या लोहगोळ्या बंद करू नयेत. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यांना त्या हव्यातच.)

2015 मध्ये बेलफास्टच्या, 2019 मध्ये फिनलंडमधल्या तुर्कूच्या जहाजबांधणी कारखान्यात कामगारांना न्यूमोकॉकसची लागण झाली, तेव्हा तिथे लसी टोचल्या गेल्या. त्याआधीच ब्रिटनने वेल्डरांसाठी ही लस सुचवली होती. आपल्या 1948 च्या कारखाना कायद्यात कळवायच्या रोगांच्या यादीत सिलिकोसिस होता, न्यूमोनिया नव्हता. म्हणून ताप-खोकल्याने आलेल्या मोल्डरच्या केसपेपरवर तंबाखूबरोबर त्याचं खातंही लिहिलं जावं: पोअरिंग, फेटलिंग की वेल्डिंग. धूर उठतो तिथेच ओढून घेणारा एक्झॉस्ट आणि कामगाराच्या वार्षिक तपासणीबरोबर लस, या दोन्ही गोष्टी कागलच्या शेडमध्ये आजही करता येण्याजोग्या आहेत.