पूर्वसिद्ध नाद आणि रचनेची प्रेरणा

सिंथेसायझरच्या निर्मात्याने आधीच रचून यंत्रात साठविलेल्या नादास ‘प्रीसेट’ म्हणतात. असा सिद्ध नाद वापरणे म्हणजे दुसऱ्याच्या प्रतिभेवर निर्वाह करणे होय, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे मूल्य ठरविण्यापूर्वी प्रीसेट नेमके काय पुरवितो, हे पाहणे आवश्यक आहे.

प्रारंभीच्या मूग यंत्रांत नादाची मांडणी तारा जोडून व गुंड्या फिरवून करावी लागे. ती एकदा मोडली की टिपणांच्या आधारे पुन्हा जुळवावी लागे. १९७८ साली आलेल्या प्रॉफेट-५ या यंत्रात ४० नाद स्मृतीत साठविण्याची सोय झाली. नाद क्षणिक न राहता संग्राह्य झाला.

१९८३ च्या यामाहा डीएक्स-७ ने प्रश्न अधिक तीव्र केला. जॉन चाउनिंग यांनी १९६७ साली शोधलेल्या कंप्रता-अधिमिश्रणाच्या पद्धतीवर ते आधारलेले होते. सहा ध्वनिजनक आणि त्यांच्या जोडणीचे ३२ प्रकार, यांमुळे नवा नाद घडविणे कष्टाचे होते. परिणामी पुष्कळ वादक सोबत मिळालेल्या नादांवरच विसंबले, आणि त्यातील विद्युत-पियानोचा नाद त्या दशकातील असंख्य गीतांतून ऐकू येऊ लागला. एकसुरीपणाचा आक्षेप येथे निराधार म्हणता येत नाही.

तथापि याची दुसरी बाजूही आहे. एन्याच्या १९८८ मधील ‘ओरिनोको फ्लो’ या गीतातील छेडलेल्या तारांसारखा नाद रोलँड डी-५० या यंत्राचा ‘पिझागोगो’ नामक प्रीसेट होय. तो नाद त्या यंत्राच्या प्रत्येक धारकापाशी होता. ते गीत मात्र एकच झाले.

याचे कारण असे की, प्रीसेट नादाची जाती देतो, स्वरवाक्य देत नाही. परंतु जाती वाक्याला दिशा दाखविते. सावकाश उमलणारा नाद दीर्घ स्वरांची अपेक्षा करतो; चटकन विरणारा नाद तुटक, लयबद्ध आकृती सुचवितो. बोटे त्या सूचनेस प्रतिसाद देतात, आणि योजनेत नसलेली कल्पना उद्भवते. ही प्रेरणा उसनी नव्हे; ती साधनाच्या स्वभावाशी झालेल्या संवादातून येते.

म्हणून दोष प्रीसेटच्या स्वीकारात नसून, तो ज्या सवयीकडे नेतो तिच्यापुढे थांबण्यात आहे. नादाचा उदय-विलय, सप्तक वा गाळणी यांपैकी एक घटक पालटला, तरी त्याची सूचना पालटते. रचनाकाराचे कर्तृत्व या निवडीपासून सुरू होते.