स्काउटचा स्कार्फ बांधणारे न्यायमूर्ती

लातूरच्या दयानंद विधी महाविद्यालयात काय किंवा नांदेडच्या नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालयात काय, फौजदारी कायदा शिकणाऱ्याला विरसा सिंग खटला चुकत नाही. पोटात भाल्याचा एकच घाव. तेवढ्यावरून तो खून ठरतो का? १९५८ सालच्या त्या निकालातली कसोटी आजही परीक्षेला येते. निकाल लिहिला न्यायमूर्ती विवियन बोस यांनी. याच दोन शहरांत शाळेच्या मैदानावर दोरीच्या गाठी शिकणाऱ्या स्काउटच्या पोरांना मात्र हे नाव कुणी सांगत नाही. खरं तर या नावावर त्या पोरांचा हक्क आधीचा.

बोस यांचा जन्म १८९१चा, शिक्षण केंब्रिजला, कर्मभूमी नागपूर. वकिली, विधी महाविद्यालयाचं प्राचार्यपद, १९३६पासून नागपूर उच्च न्यायालयात न्यायाधीश, १९४९मध्ये मुख्य न्यायमूर्ती आणि १९५१मध्ये सर्वोच्च न्यायालय. आपल्या मराठवाड्याच्या बाजूने पाहिलं तर नागपूरचं हे सारं पैनगंगेपलीकडचं: अलीकडे माहूर-किनवट तेव्हा निजामाच्या राज्यात, नदी ओलांडली की यवतमाळ, तिथे बोसांच्या न्यायालयाचा अंमल.

ही झाली पगाराची कारकीर्द. बिनपगारी कारकीर्द तिच्याबरोबर चालूच होती. भारतीय मुलांसाठी स्काउटिंग सुरू करणाऱ्यांत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, अॅनी बेझंट यांच्याबरोबर बोसांचंही नाव घेतलं जातं. त्याआधी, १९०९मध्ये बंगळूरला निघालेलं पहिलं पथक युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांचं होतं. बोस पुढे बॉय स्काउट्स असोसिएशनचे भारतातले प्रमुख आयुक्त झाले, ‘सिल्व्हर वुल्फ’ हा त्या संघटनेचा सर्वोच्च सन्मान त्यांना मिळाला आणि १९४७ ते १९४९ ते स्काउट चळवळीच्या जागतिक समितीवरही होते. घरातही युवक चळवळच: पत्नी आयरीन या जॉन मॉट यांच्या कन्या. वायएमसीएचं नेतृत्व करणाऱ्या आणि विद्यार्थ्यांची जागतिक ख्रिस्ती संघटना उभारणाऱ्या मॉट यांना १९४६चं शांततेचं नोबेल मिळालं.

पण इथे एक अडचणीची गोष्ट आहे. बोसांची संघटना लंडनशी बांधलेली. स्काउटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी भारतीयांबद्दल काढलेल्या उद्गारांवरून संताप उसळला आणि १९३८मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन वेगळी झाली. बोस जुन्या घरातच राहिले. एवढ्यावरून त्यांना साहेबधार्जिणे म्हणणं मला सोपं वाटतं, म्हणूनच पटत नाही. देशभक्तीचा शिक्का मारण्याचीही घाई नको. स्वातंत्र्यानंतर दोन्ही बाजूंना एकत्र आणण्यासाठी नेहरू आणि मौलाना आझादांनी लक्ष घातलं, नागपूरला राज्यपाल असलेले मंगलदास पकवासाही खटपटीत होते. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स अँड गाइड्स जन्मली; गाइड मुली १५ ऑगस्ट १९५१ला आल्या.

आता नांदेड-लातूरमध्ये ही चळवळ ज्यांच्यावर चालते, ते न्यायमूर्ती नाहीत, शाळेतले शिक्षक आहेत. त्यांच्या प्रशिक्षणाच्या पायऱ्या: बेसिक, अॅडव्हान्स, मग हिमालय वुड बॅज. वुड बॅज मिळालेल्या मास्तरांच्या गळ्यातले दोन लाकडी मणी ही दिनुझुलू या झुलू राजाच्या माळेची नक्कल. १९१९मध्ये लंडनजवळच्या गिलवेलला ही प्रथा पडली. मणी मिळतात, मानधनाचं नाव नाही. वर निवडणुकीचं काम, जनगणना, दहावीचे पेपर आहेतच. पथक बहुधा एकाच माणसावर उभं असतं. मास्तरांची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली की नव्या शाळेत त्यांना पुन्हा पहिल्या गाठीपासून सुरुवात करावी लागते, आणि जुन्या शाळेत दोऱ्या कपाटात जातात.