पोलाद आणि पुळण

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, बाल्टिमोर शहराच्या आग्नेयेस, चेसापीक उपसागरात शिरलेल्या एका चिंचोळ्या भूभागावर गेल्या शतकाच्या पूर्वार्धात परिश्रम आणि विश्रांती शेजारी-शेजारी नांदत होती.

परिश्रमाचे ठाणे आधी वसले. परदेशी खनिज जहाजातून थेट धक्क्यावर उतरवता यावे, या हेतूने १८८७ साली स्पॅरोज पॉइंट येथे पोलादाच्या कारखान्याची उभारणी सुरू झाली. १९१६ मध्ये तो बेथलेहेम स्टील कंपनीच्या ताब्यात गेला आणि १९५० नंतरच्या दशकात, सुमारे तीस हजार कामगारांसह, जगातील सर्वांत मोठा पोलाद कारखाना ठरला. भट्ट्यांतून उडणारी तांबूस धूळ वसाहतीतील घरांवर आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे.

सुटीच्या दिवशीही ट्रामगाड्यांना उतारू मिळावेत म्हणून मार्गाच्या शेवटी उद्याने उभारण्याचा त्या काळी अमेरिकेतील ट्राम कंपन्यांचा प्रघात होता. त्यानुसारच १९०६ साली कारखान्यापलीकडे ‘बे शोअर पार्क’ खुले झाले. नृत्यगृह, बगीचे, कारंजे, खाडीत दूरवर गेलेला लाकडी धक्का आणि समुद्रस्नान यांसाठी शहरातील कुटुंबे तेथे लोटत. त्यांना नेणाऱ्या ट्रामनेच कामगारही पाळीवर जात. परंतु हे सुख केवळ गौरवर्णीयांसाठी राखीव होते. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या कृष्णवर्णीय मजुराला शेजारच्याच पुळणीवर मज्जाव होता, हा त्या रम्य इतिहासावरील कलंक आहे.

१९४७ मध्ये बेथलेहेमने ही जागा खरेदी केली, उद्यान बंद पडले आणि त्यातील बहुतेक इमारती जमीनदोस्त झाल्या. तथापि कारखान्याचा विस्तार तेथवर कधीच पोहोचला नाही. त्यामुळे दलदल, पाणपक्षी आणि किनारा बचावले, आणि पुढे राज्य सरकारने ती जमीन घेऊन ‘नॉर्थ पॉइंट स्टेट पार्क’ सर्वांसाठी खुले केले. तेथे जुने कारंजे आणि ट्रामचा निवारा आजही पाहता येतो. कारखाना मात्र टिकला नाही: २००१ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले, हजारो निवृत्त कामगार आरोग्यविम्याला मुकले आणि २०१२ मध्ये भट्ट्या कायमच्या विझल्या.

पोलादाने राष्ट्र उभे केले, हे ऋण मान्यच केले पाहिजे. पण तो किनारा वाचला तो कोणाच्या दूरदृष्टीने नव्हे, तर केवळ योगायोगाने. किनारा ही पिढ्यान्‌पिढ्यांची सामाईक मिळकत असल्यामुळे तिचे रक्षण दैवावर न सोपवता कायद्याने आणि लोकांच्या जागरूकतेनेच झाले पाहिजे.